अंबूआत्यांचा भागाकार

लग्न होऊन मी हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या घरात आले, तर खालच्या मजल्यावरच्या अंबूआत्यांनी माझी दृष्ट काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "माहेरून इस्त्री आणलीस म्हणे? दे बघू इकडं. किती ओढते ते बघते."

मला वाटलं, असेल बाई या लोकांची काही रीत. दिली. आत्यांनी एक लाकडी फळी पुढं ओढली. तिच्यावर घड्याळासारखे दोन काटे, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. फळीची पिन भिंतीत, इस्त्रीची पिन फळीत. काटे हलले, व्होल्टचा दोनशे तीसवर, अँपिअरचा दोनवर. आत्यांनी पाटीवर दोनशे तीसला दोननं भागलं, मग दोनशे तीसला दोननं गुणलं.

"अडथळा एकशे पंधरा ओहम. खाणं चारशे साठ वॉट. अंगानं धड आहे, पण खादाड." माझा चेहरा बघून म्हणाल्या, "इस्त्रीचं म्हणते गं, तुझं नाही."

अंबूआत्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. त्यांचे मालक बिजलीखात्यात मिस्त्री होते आणि त्या घरातली एकूण एक तार त्यांच्या हातची. ते गेले, मूलबाळ नव्हतं, मागं फळी राहिली. आत्यांची शाळा चौथीपर्यंतच. पण मिस्त्रींनी बायकोला एवढं पक्कं शिकवून ठेवलं होतं, की व्होल्टला अँपिअरनं भागलं की अडथळा निघतो आणि गुणलं की वॉट. एवढ्या दोन गोष्टींवर त्यांनी सगळं जग बसवलं होतं.

घरात आम्ही आणि आणखी दोन बिऱ्हाडं. सगळ्यांत मिळून एकच फ्यूज, पाच अँपिअरचा. तो उडाला की आत्या अंबाड्यातून तार काढायच्या. हो, फ्यूजची तार त्या अंबाड्यातच खोचून ठेवायच्या, केसांच्या आकड्यांशेजारी.

"सुमन, काय लावलंयस गं?"

"काही नाही आत्या, रेडिओ."

"आधी भागाकार कर, मग बोल!"

हे त्यांचं कायमचं. एकदा माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मुलानं नवा टेबललँप भेट आणला. कांदेपोहे व्हायच्या आत आत्यांनी तो फळीला लावला. म्हणाल्या, "खोक्यावर चाळीस वॉट लिहिलंय, खातोय शंभर. ज्यानं दिवा घेताना भागाकार केला नाही, तो संसार काय करणार?" मुलगा गेला, जाताना दिवाही घेऊन गेला.

मग हैदराबाद राज्य मोडलं. तीन तुकडे तीन राज्यांना गेले, आणि मराठी नोकरदारांना मुंबई राज्याकडं वाटून देऊ लागले. आधी एक बिऱ्हाड गेलं, मग दुसरं. उरलो आम्ही. आमचे हे महसूल कचेरीत कारकून. त्यांचंही नाव औरंगाबादच्या यादीत लागलं. आम्ही निघालो की त्या एवढ्या मोठ्या घरात आत्या एकट्या उरणार होत्या.

"चला ना आत्या आमच्याबरोबर," मी म्हटलं.

"आणि या भिंतीतल्या तारा? परका हात लावेल त्यांना." आणि मग त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की आम्हीच जायचं नाही. "औरंगाबादला विजेचा दाब कमी आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? इथून एवढ्या लांब तार ओढली, की दाब उरतोय होय?"

तिकडची बिजली बरकतपुऱ्यातून जात नाही, हे मी त्यांना आठ दिवस सांगत होते. शेवटी एका सकाळी त्या फळी पदराखाली घेऊन रिक्षानं निघाल्या, त्या थेट आबिड्सजवळच्या यांच्या कचेरीत, मोठ्या साहेबांपुढं. पुढचं मला यांनी सांगितलं, घाम पुसत पुसत.

साहेब जुने हैदराबादी, शेरवानीतले. उठून उभे राहिले. "फर्माइए अम्मा."

"हमारे माधवराव कू कैकू भेजते, साब?"

"ऊपर का हुकूम है अम्मा. दिल्ली का."

"दिल्ली में व्होल्ट कित्ते?"

तेवढ्यात आत्यांची नजर त्यांच्या टेबलावरच्या पंख्यावर गेली. रखडत होता बिचारा. आत्यांनी त्याची पिन काढून फळीत घातली. "अर्धा अँपिअर! एकशे पंधरा वॉट खारा साब ये, और हवा कुच नै. तेल मंगाओ."

शिपायानं शिवणयंत्राचं तेल आणलं. आत्यांनी पंख्याला चार थेंब पाजले. आणि तो असा काही सुटला, की टेबलावरचे सगळे बदलीचे कागद खोलीभर उडाले! सगळे कारकून रांगत होते. ज्याला जो सापडेल तो कागद आणून ठेवत होता. यांचा कागद सापडला सगळ्यात शेवटी, म्हणून आला सगळ्यात वर. साहेबांनी वरून सह्या करायला घेतल्या.

जो हुकूम महिन्याभरानं निघायचा, तो त्याच दुपारी निघाला.

आत्या घरी येऊन पायरीवर बसल्या. "साहेब भला माणूस आहे," म्हणाल्या. मग फळी पदरानं पुसत, "पंखा छान झाला त्यांचा."

आम्ही निघालो त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. टांग्यात सामानाचे किती डाग चढवले, ते आम्हाला तीनदा मोजायला लावलं आणि आत गेल्या.

औरंगाबादला जाऊन तीन आठवडे झाले आणि त्यांचं कार्ड आलं. अक्षर पाटीवरच्यासारखं मोठं.

"चि. सुमनला अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. रोज सकाळी वर जाऊन तुमच्या खोलीत फळी लावते. व्होल्ट दोनशे अठ्ठावीस, चांगले आहेत. अँपिअर शून्य. दोनशे अठ्ठावीसला शून्यानं भागून बघितलं. दोनदा पाटी पुसली. उत्तर येत नाही. यांनी हे मला शिकवलं नव्हतं. माधवरावांना जमतं का, विचार."

यांनी कार्ड वाचलं. उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचलं.

"काय कळवू?" मी विचारलं.

"लिही, पत्रानं होण्यातला नाही हा भागाकार," हे म्हणाले. "म्हणावं, दिवाळीला येतोय."