बावीस फुटांचे प्रक्षेपण

२०१४ साली धायरीतल्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एक तांत्रिक समस्या उद्भवली. येरवड्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या प्रेमलाताई बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले आणि दोन महिने खाट सोडायची नाही असे डॉक्टरांनी बजावले. खाट मागच्या खोलीत, टीव्ही आणि माणसे हॉलमध्ये. अंतर बावीस फूट.

दहाव्या दिवशी ताई मुलाला म्हणाल्या, "अभय, माझी खाट हॉलमध्ये घे रे. आठची मालिका तुमच्याबरोबर बघेन. इथे एकटीला जीव नकोसा झालाय."

अभय खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. तिथे गिऱ्हाइकाला काय हवे ते शांतपणे ऐकून घेतात आणि त्याला खरोखर काय हवे ते स्वतः ठरवतात. त्याने लॅपटॉपवर नोंद केली: 'युजरला मागच्या खोलीत मालिका दिसत नाही.' खाट हलवण्याचा पर्याय त्याच्या पत्नीने, कल्याणीने, पहिल्याच बैठकीत फेटाळला. हॉलचे इंटिरियर नुकतेच झाले होते आणि लोखंडी खाट थीममध्ये बसत नव्हती. पण दोघांचे आईवर प्रेम होते, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. आईसाठी त्यांनी एकदम हाय डेफिनिशन घ्यायचे ठरवले.

चित्र हवेतून पाठवणाऱ्या दोन काळ्या डब्या आल्या. एक हॉलमधल्या सेट-टॉप बॉक्सला जोडायची, दुसरी आईच्या खोलीतल्या नव्या टीव्हीला. मध्ये वायर नाही, कारण वायरही थीममध्ये बसत नव्हती. पहिल्या संध्याकाळी मालिकेतली सून रडायला लागली आणि तिच्या तोंडाचे चौकोनी तुकडे झाले. मध्ये भिंत येते, असा निष्कर्ष निघाला. म्हणून दार सताड उघडे ठेवले. मग पॅसेजमधून कोणी गेले की चित्र गोठू लागले. शुक्रवारी पॅसेजमध्ये छापील सूचना लागली: 'आठ ते नऊ ये-जा बंद.' ताईंचे पाणी पावणेआठलाच उशाशी ठेवले जाऊ लागले.

"आईकडे कोणी फिरकलं नाही ना, की पिक्चर क्वालिटी एकदम मस्त येते," अभयने मला जिन्यात अभिमानाने सांगितले.

पुढे खोलीतले लोखंडी कपाट दोषी ठरले. ते तातडीने हॉलमध्ये हलवले. कपाट थीममध्ये बसले.

त्या दिवशी मी ताईंना भेटायला गेलो होतो. ताई टीव्हीकडे बघत नव्हत्या. त्यांनी मुलाला विचारले, "अभय, यातून माणूस येत नाही का रे?"

"आई, ते स्कोपमध्ये नव्हतं," तो म्हणाला, आणि डबी चार इंच डावीकडे सरकवली.

तरीही चित्र अडखळत होते. शेवटी अभयने नवा टीव्ही आणि डबी एका चाकांच्या टेबलावर ठेवून एकेक फूट हॉलच्या दिशेने आणायला सुरुवात केली. प्रत्येक फुटाला गुणवत्ता सुधारत गेली. पॅसेज संपून टेबल हॉलमध्ये, थेट जुन्या टीव्हीशेजारी आले, तेव्हा ती शंभर टक्के झाली. प्रोजेक्ट यशस्वी झाल्याचे घोषित झाले आणि रविवारी सोसायटीला प्रात्यक्षिकाचे निमंत्रण गेले.

आम्ही वीसेक जण एल आकाराच्या सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. शेजारी-शेजारी दोन टीव्ही, दोन्हींवर तीच सून, तेच अश्रू, मध्ये वायर नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोंगाटाचा त्रास नको म्हणून ताईंचे दार लावून घेतले होते. दारामागून त्यांचा आवाज आला, "अभय, कोण आलंय रे? मला सांगा ना कोणीतरी."

कोणी उठले नाही. आठ वाजून गेले होते आणि पॅसेज बंद होता.

मला संताप आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना अक्षरे शिकवलेली बाई दाराआड हाका मारते आहे, आणि हे दीडशहाणे पिक्सेल मोजताहेत! लाज कशी वाटत नाही, असे तोंडावर विचारायचे ठरवून मी उभा राहिलो.

तेवढ्यात सेक्रेटरी ज्ञानदेव मोऱ्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. "बसा हो. एकत्र मागवल्या तर डब्या स्वस्त पडतील."

यादी होती. फ्लॅट क्रमांक, नाव आणि शेवटचा रकाना: 'मागच्या खोलीत कोण?' अकरा जणांनी सुवाच्य अक्षरात भरली होती. आई. वडील. आई. सासरे. आई. आई. मी खाली बसलो, चष्मा लावला आणि बाराव्या ओळीत लिहिले: वडील.

तेरावी ओळ रिकामी आहे. यादी आता तुमच्याकडे देतो. पेन त्यालाच अडकवले आहे.