डाव्या हातातलं घड्याळ

नारू पाटील दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधतो आणि वेळ विचारली तर उन्हाकडे बघतो. ती घड्याळं वेळेसाठी नाहीतच. पावलं आणि काळजाचे ठोके मोजायला आहेत. उजवं त्याचं. डावं त्याच्या बायकोचं, मंजुळाचं. मंजुळा जाऊन वर्ष झालं.

माझं त्याच्याशी पटत नाही. मधे कुंपण आहे म्हणून बरं.

तीन वर्षांमागे कुठल्याशा विमा कंपनीची माणसं आमच्या किहीमला आली. देवळात सगळ्यांची साखर फुकट तपासली आणि म्हातारे घाबरले तशी 'जोडी योजना' गळ्यात मारली. नवरा-बायकोने रोज चालायचं, घड्याळाने ते फोनला कळवायचं, की पुढच्या हप्त्यात सवलत. "आजार आधीच धरायचा," हे त्यांचं वाक्य नारूने उचललं. मी खोकले तरी कुंपणावरून ओरडायचा, "वैनी, आधीच धरा!" एकदा माझा कुत्रा शिंकला, तर त्यालाही तेच.

मंजुळाला मात्र आधी कुणी धरलं नाही. विहिरीपाशी पडली तेव्हा मनगटावर हिरवा दिवा होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक. त्या दिव्यावर मी दगडच घालणार होते.

आणि हा माणूस तेच घड्याळ घालून किनाऱ्यावर फिरतो! एकदा हसत सांगायला आला, "वैनी, फोन बोलला, तुमच्या दोघांचे ठोके अगदी जुळतात. आदर्श जोडी!"

"मेल्या, दोन्ही हात तुझेच हायत!" मी म्हटलं. "सवलतीसाठी मेलेल्या बायकोला चालवतोस? लाज न्हाय वाटत?"

तो घरात निघून गेला.

गेल्या आठवड्यात तोंड पाडून पुन्हा आला. कंपनीची पोरगी फोनवर दोघांची तोंडं बघणार होती. बाई दिसली नाही तर मंजुळाचं नाव बंद.

"वैनी, दोन मिनिटं बसाल?"

"तिच्या नावानं? बसते ना. बसते आणि त्या पोरीला सगळं सांगते."

सांगायचं म्हणूनच गेले. त्याने डाव्या हातातलं घड्याळ सोडून माझ्या मनगटावर बांधलं. पट्टा गरम होता. तेवढ्यात फोन आपणहून बोलला, "शाब्बास, मंजुळाजी! आज तुम्ही चार हजार पावलं चाललात."

"रोज या वक्ताला बोलतो," नारू म्हणाला. "मी कधी तिचं नाव घेतलं न्हाय, वैनी. जन्मभर 'अगो' म्हणूनच हाक मारली. आता घरात तिचं नाव घेणारा ह्यो एकच हाय."

मला इतका संताप आला, की कुणाचा ते कळेना.

मग त्या पोरीचा फोन आला. पडद्यावर तिचं घाईतलं तोंड. "मंजुळाजी, तब्येत कशी आहे?"

नारू जमिनीकडे बघत होता.

मी पदर सारखा केला.

"चालतेय," म्हटलं.