खिळा निघाला, पण कुणाचा?

“वेगवान आणि अचूक! आता चूक काढून दाखवाच!” टूवेनं हातोडा हाणला आणि तिचा प्रबंध विद्यापीठाच्या ओकच्या फळीवर इतर प्रबंधांशेजारी खिळ्यानं ठोकला गेला. स्वीडनमध्ये खिळा बसला की प्रबंध जगाचा. मागे घेणं नाही!

टाळ्या झाल्या, वरच्या मजल्यावर हिरवा केक कापला गेला. तिचे मार्गदर्शक स्टेलान आपली प्रत चाळू लागले.

“टूवे, आलेखातली ही खालची निळी रेघ कोणाची?”

“माझ्या रीतीची. कमी चुका म्हणजे खाली!”

“आणि वरची लाल?”

“सगळ्या शक्यता एकूण एक तपासणाऱ्या रीतीची.”

“अगं, तिच्याहून कमी चुका कुणाच्याच होऊ शकत नाहीत! तू काय देवाच्या पुढे गेलीस?”

टूवेनं केकची बशी खाली ठेवली. अनेक फोन एकदम बोलतात, अनेक अँटेना सगळ्यांचं एकत्र ऐकतात. त्या गलक्यातून कोण काय म्हणालं ते झटपट ओळखायचं, हेच तिचं चार वर्षांचं काम. उत्तर अशक्य, म्हणजे गणितच खोटं! पदवी गेली!

“स्टेलान, पक्कड कुठाय?”

“पक्कड कशाला?”

पण ती अर्धा जिना उतरलीसुद्धा होती. फळीला पाय लावून तिनं हातानंच असा हिसका दिला, की खिळा, पुस्तक आणि टूवे तिघंही जमिनीवर आले.

“अगं वेडे, थांब!” स्टेलान धापा टाकत आले. “आकडे ठीक आहेत, आत्ताच तपासले! रेघांची नावं फक्त उलटी छापली आहेत. निळी सगळं तपासणारीची, लाल तुझी. किंचित मागे आहेस, अगदी शोभेल एवढी!”

“म्हणजे... माझी रीत वाईट आहे?”

“हो! हवी तेवढीच! दुरुस्तीची चिठ्ठी लावू. चिठ्ठी नसली तर लोकांना वाटतं, कुणी वाचलंच नाही.”

टूवेच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे पडल्याचा एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता! तिनं पुस्तक छातीशी घट्ट धरलं.

“टूवे,” मागून जीवशास्त्रातल्या इल्वाचा थंड आवाज आला, “माझा दलदलीतल्या शेवाळाचा प्रबंध तू कवटाळून का बसली आहेस?”

टूवेनं वर पाहिलं. फळीवर तिचा प्रबंध शांतपणे लटकत होता.

“मुखपृष्ठं... सगळी करडीच आहेत ना!” ती पुटपुटली.

“गलक्यातून नेमकं ओळखणारी बाई!” इल्वानं हातोडा तिच्या हातात ठेवला. “ठोक परत.”

“आधी नाव वाच,” स्टेलान म्हणाले. “मोठ्यानं!”