पाखरांच्या ताटावरची पाळत

ताटातल्या बिया पुन्हा गायब झाल्या होत्या.

थोरलीनं चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि खिडकीतून नीट पाहिलं. पुढच्या अंगणात खांबावर लाकडी ताट होतं. त्यावर दहिवर गोठून पांढरी साय धरली होती, आणि काल संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं ओतलेल्या सूर्यफुलाच्या बिया मात्र जागेवर नव्हत्या.

"अहो, पुन्हा चोरी झाली."

नवरा आरामखुर्चीत पांघरूण गुंडाळून बसला होता. "पाखरांनी खाल्ल्या असतील."

"पाखरं टरफलं टाकतात. इथं एका टरफलाचा पत्ता नाही. पाखरं काय खिशात घालून नेतात?"

"नेतही असतील. थंडी केवढी आहे."

अख्खी नोकरी थोरलीनं शाळेत काढली होती, आणि परीक्षेच्या वर्गात कॉपी पकडण्यात तिचा हातखंडा होता. पोराची मान किती कलली म्हणजे तो शेजारच्याचं बघतो आहे, हे ती पाठीमागूनही सांगायची. निवृत्त झाली तरी नजर निवृत्त होत नाही.

हे ताट तिच्याकडे आलं वाचनालयाच्या वर्गातून. वाचनालयाच्या बाई शनिवारी दुपारी गल्लीतल्या लहानथोरांना जमवून शिकवत, की थंडीत पाखरांना कसं जगवायचं. थोरलीला पहिल्यांदा हसूच आलं होतं. तिच्या सासूबाई जेवणानंतर टेबलावरचं कापड सांडलेल्या कणांसकट दारात झटकायच्या, की झालं पाखरांचं शिक्षण! पण बाई सांगत ते खरं होतं. गल्लीतली झाडं गेली, कुंपणं गेली, सगळीकडे फरशी आली. बिचाऱ्यांनी खायचं काय?

तर सगळ्यांनी मिळून एक ताट करायचं ठरलं, आणि ते थोरलीच्या अंगणात लागलं. समोरच्या घरातली तिची धाकटी जाऊ तेव्हाच म्हणाली होती, "आमच्याकडे ऊन जास्त येतं हं." बाईंनी तोड काढली. "रविवारी मुलं पाखरं बघायला येतील. तोवर इथं पाखरं रुळली नाहीत, तर ताट समोर हलवू."

त्या दिवसापासून थोरलीचा जीव त्या ताटात अडकला होता. जन्मभर धाकटीचं सगळं उजवं ठरत आलं होतं. तिचे पडदे, तिचा केक, तिचा नवरासुद्धा. निदान पाखरं तरी आपल्याकडे यावीत!

आणि आता बिया जात होत्या. पाखरं येत नव्हती. यात कुणाचा फायदा होता, हे सांगायला पंचांगवाला नको होता.

थोरलीनं ताटाला घंटी बांधली. चोरानं हात लावला की वाजेल. पण वारा सुटला, घंटी दिवसभर किणकिणत राहिली आणि चुकून आलेली एक चिमणी जी उडाली ती परत फिरकली नाही. मग तिनं खांबावर आरसा टांगला, म्हणजे पाठमोऱ्या चोराचंही तोंड खिडकीतून दिसावं. आरशावर ऊन पडून असा काही लखलखाट झाला, की पाखरं गल्लीच्या वरूनसुद्धा वळसा घालून जाऊ लागली.

"अगं, तू पाखरं बोलावते आहेस की पळवते आहेस?" नवरा म्हणाला.

"तुम्ही खुर्चीतून उठत नाही, तर निदान तोंडाला तरी विश्रांती द्या."

शेवटी ती पडद्याआड खुर्ची टाकून बसली. आणि चोर सापडला! शेजारचे दंतवैद्य दवाखान्यात निघाले होते. त्यांनी डावीउजवीकडे पाहिलं, ताटाशी आले, एक बी उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि मग सगळ्या बिया मुठीनं कोटाच्या खिशात घातल्या. वर स्वतःच्या पुडीतला एक शेंगदाणा जिभेवर ठेवला आणि बाकीचे ताटात ओतले.

"अहो, दंतवैद्य पाखरांचं खातात!"

"दात चांगले असतील," नवरा म्हणाला.

थोरली हबकून बसली होती, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. धाकटी बाहेर आली. तिनंही डावीउजवीकडे पाहिलं, ताटातले शेंगदाणे हुंगले, नाक मुरडलं, ते बरणीत भरले आणि मूठभर ओट टाकून निघून गेली. म्हणजे दोघं सामील होते! एकानं न्यायचं, दुसरीनं पाळत ठेवायची. थोरली ताडकन उठली, बाहेर जाऊन ओट डब्यात काढून घेतले आणि पुन्हा आपल्या बिया ओतल्या. असलं मऊ लगद्यासारखं पाखरांना चालतं की नाही, देव जाणे. शिवाय ते धाकटीचे होते.

रविवारी सकाळी मुलं आली. वाचनालयाच्या बाई दुर्बीण घेऊन आल्या. सगळे श्वास रोखून उभे राहिले. ताटावर वारा आला, घंटी वाजली, आरसा चमकला. पाखराचं नाव नाही.

"काय करणार," धाकटी हळहळून म्हणाली. "सावली पडते ना इथं."

थोरलीचा संयम सुटला. "सावली नाही, तुझा हात पडतो! आणि डॉक्टरांचा! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टर, तुमच्या कोटाचा खिसा दाखवा."

दंतवैद्य लाल झाले. "काकू, मुलांसमोर..."

"मुलांना कळू दे. निसर्गशिक्षणच आहे हे."

खिशातून बिया निघाल्या. मुलांनी "आ" केला.

"पण त्यांना बुरशी आली होती!" दंतवैद्य कळवळून म्हणाले. "या बघा पांढऱ्या रेघा. बाईंनीच सांगितलं होतं, चुकीचं खाणं दिसलं तर गुपचूप काढून टाका, बोभाटा करू नका, माणसं दुखावतात. रोज काढून थकलो, तेव्हा शेवटी माझे शेंगदाणे टाकले. मीठ नाही ना, हे चाटून बघून."

"ते तुमचे होते?" धाकटी चपापली. "मला तळल्यासारखा वास आला. मग मीही गुपचूपच काढले. कुणाला वाईट नको वाटायला."

"अहो, त्या बियांवर रेघा असतातच," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"मग माझे ओट कुणी नेले?" धाकटीनं विचारलं.

थोरलीच्या हातात पुरावा म्हणून आणलेला ओटांचा डबा होता. तो पदराआड घ्यायला फार उशीर झाला होता.

"मीही," ती म्हणाली, "कुणाला दुखवायचं नाही म्हणूनच."

"जाऊबाई, तुम्ही!"

मग जे सुरू झालं, त्यात जुने पडदेही निघाले आणि केकही निघाला. दंतवैद्य मध्ये पडले आणि दोघींनी मिळून त्यांनाच शब्दांनी झोडपलं. बाई खालच्या मानेनं ताटाचा खिळा उपसायला लागल्या. थोरलीला तो खिळा आपल्या छातीतून उपसल्यासारखा वाटला.

तोच दार उघडलं. पांघरुणासकट नवरा उंबऱ्यात उभा होता. स्वतःहून उठलेला.

"जरा हळू भांडाल का?" तो कुरकुरला. "मागची पाखरं बावरतात."

"कसली पाखरं?"

सगळे घरातून मागच्या अंगणाकडे धावले. मागच्या खिडकीचा पडदा थोरलीनं रागानं ओढून ठेवला होता. हे अंगण साफ होत नाही, तोवर त्याचं तोंड बघणार नाही, असं तिनं नवऱ्याला बजावलं होतं. तिनं पडदा सारला.

वाळलेली सूर्यफुलं माना टाकून उभी होती आणि त्यांना पाखरं लोंबकळत होती. पानांच्या ढिगात दोन काळे पक्षी खसफस करत किडे काढत होते. सडक्या सफरचंदावर लाल छातीचा एक पक्षी बसला होता, घरमालकासारखा.

मुलं खिडकीला चिकटली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुस्तकात लिहितात तसं आहे हो! झाडं कापायची नाहीत, पानं झाडायची नाहीत. हे कुणी केलं?"

"मी काहीही केलेलं नाही," नवरा घाबरून म्हणाला. आणि ते अक्षरशः खरं होतं.

पुढल्या शनिवारच्या वर्गात त्याचं कौतुक झालं. तो गेला नव्हता, झोपला होता. ताटाचं कुणी नावही काढलं नाही.

सोमवारी धाकटी आली. हातात केक होता. थोरलीनं आधी केककडे संशयानं पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय काम काढलंस?"

"जाऊबाई, आमच्या ह्यांना तुम्ही ओळखता. रोज दोनदा अंगण झाडतात, एक पान टिकू देत नाहीत. पाखरू कसलं येतंय! म्हटलं, भावोजींना थोडे दिवस आमच्या अंगणात पाठवाल का?"

"कशाला?"

"काही न करायला."

थोरलीनं आरामखुर्चीकडे पाहिलं. पांघरुणातून मंद घोरणं येत होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिची मान ताठ झाली.

"छे गं," ती म्हणाली, "त्यांना इथं सवड कुठं आहे?"