एकच गोल काळा करावा

आमच्या शेजारचे सोमा मामा काडेपेटीवरच्या सूचनासुद्धा वाचतात. आधी वाचतात, मग काडी ओढतात. त्यांच्याकडे नवा कुकर आला तेव्हा त्याच्यासोबतचं पुस्तक वाचून संपेपर्यंत मामींना तो शेगडीवर ठेवायला मिळाला नव्हता. तीन दिवस भात पातेल्यात शिजला. चौथ्या दिवशी मामा पुस्तक मिटून म्हणाले, "आता लाव. पण पान अकरा ध्यानात ठेव."

मामा तालुका कचेरीत अर्ज तपासायच्या टेबलावर बसतात. फोटोवर अर्धी सही आली नाही, निळ्याऐवजी हिरवी शाई वापरली, गावाचं नाव चौकटीबाहेर गेलं, की अर्ज परत. चिडत नाहीत, ओरडत नाहीत. चष्म्यावरून बघून एवढंच विचारतात, "सूचना वाचल्या की?" हा प्रश्न ते कचेरीत तमिळमध्ये विचारतात आणि घरी मराठीत. आमच्या गल्लीतल्या कुणालाही फॉर्म भरायचा असला, तर तो मामांकडूनच भरून घेतो. माझ्या कॉलेजचा त्यांनीच भरला. मामांच्या हातचा फॉर्म कधी परत आला, असं तंजावरात कुणी सांगू शकणार नाही. म्हणजे, गेल्या वर्षीपर्यंत सांगू शकत नव्हतं.

मामांना लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. तिला सगळे चिन्नी म्हणतात. चिन्नी पाचवीत गेली तेव्हा मामींनी ठरवलं, की हिला सहावीपासून एका डोंगराखालच्या निवासी शाळेत घालायचं. मामी ओरत्तनाडूच्या शाळेत शिकवतात, रोज बसने जातात येतात, आणि त्यांनी ठरवलेलं बदलत नाही. ती शाळा आठ तासांवर आहे. तिथे घोडे आहेत, पोहायचा तलाव आहे, आणि आत जायला एक परीक्षा आहे, देशभर एकच, हव्या त्या भाषेत देता येणारी. दहा वर्षांची मुलं वर्षभर तिचा अभ्यास करतात आणि त्यांचे आईबाप त्यांच्याहून जास्त करतात.

ती परीक्षा गोल काळे करायची असते. एका प्रश्नाला चार गोल, त्यांतला एकच पेनने भरायचा. मामांना हे फार आवडलं. पूर्ण आयुष्य चौकटींत घालवलेल्या माणसाला जणू गोल नव्याने सापडले. त्यांनी चिन्नीला घड्याळ लावून गोल भरायला बसवलं. एका गोलाला चार सेकंद, कडेबाहेर गेला तर पुन्हा. मग घरातलं बोलणंच तसं होऊन गेलं.

"नाश्त्याला काय? ए, इडली. बी, डोसा. सी, उपमा. डी, ह्यातलं काही नाही."

"डी," मामी म्हणायच्या.

"डी मंजे उपाशी."

"मग तुम्ही डी. मी आणि चिन्नी बी."

"एका प्रश्नाला एकच उत्तर," मामा गंभीरपणे सांगायचे. "दोन गोल काळे केले, तर उत्तर बाद. सूचना क्रमांक सात."

मग परीक्षेला दोन महिने उरले असताना हॉल तिकीट आलं. मामींनी छापील कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि अंगणातून आमच्या घरापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, हे काय केलंत?"

कागदावर लिहिलं होतं, प्रश्नपत्रिकेची भाषा: मराठी.

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही तंजावरचे मराठी. घरी मराठी बोलतो, पण ती आमची मराठी. सगळ्याला आम्ही 'अस्की' म्हणतो, झालंला 'जालं', आणि मधेमधे तमिळ कधी शिरतं ते आमचं आम्हाला कळत नाही. वाचायची वेळ आली तर तमिळ आणि इंग्लिश. चिन्नी इंग्लिश शाळेत शिकते. देवनागरीचं एक अक्षर तिला येत नव्हतं आणि मामांनाही नाही. पेपरात गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, अस्की मराठीत येणार होतं.

"फॉर्मने विचारलं भाषा कुठली," मामा म्हणाले. "घरी काय बोलतो आपण? मराठी. ते मी सांगटलं. खोटं लिहू?"

"घरची भाषा नाही विचारली. पेपरची विचारली. सूचना वाचल्या की?"

हा प्रश्न मामांना त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला असावा. चूक दुरुस्त करायचे चार दिवस कधीच उलटून गेले होते. गल्लीत बातमी पसरली. ज्यांचे अर्ज मामांनी परत पाठवले होते, ते मुद्दाम सायकल थांबवून विचारायचे, "काय राव, सूचना वाचल्या की?" मामा मान हलवून आत जायचे.

मग मामी आमच्याकडे आल्या. मी शाळेत हिंदी शिकले, म्हणून मला देवनागरी येते. नोकरीसाठी पुण्यात दोन वर्षं होते, म्हणून पुस्तकी मराठी वाचता येते. तिथे ऑफिसात मी एकदा 'अस्की' म्हणाले आणि सगळे हसले, प्रेमानेच हसले, पण त्यानंतर मी तिथे फारसं मराठी बोलले नाही. आता घरून काम करते. मी कुणाला शिकवलेलं नव्हतं आणि नाही म्हणायचं मनात ठरवलंही होतं. मामींनी विचारलंच नाही. "तिला शिकव. दोन महिने आहेत," म्हणाल्या आणि चिन्नीला दारात सोडून बस पकडायला गेल्या.

चिन्नीने बाराखडी आठ दिवसांत संपवली. त्रास पुढे होता. तिला बेरीज येत होती, प्रश्न येत नव्हता.

"लघुत्तम सामाईक विभाज्य," मी वाचलं.

"हे कोण?"

"एल. सी. एम."

"एवढ्याशा एल. सी. एम.चं एवढं मोठं नाव? अक्का, ते लोक पेपर कधी संपवतात?"

दुसऱ्या दिवशी गणितात एका टोपलीतली बोरं निघाली. "बोरं मंजे?"

"इलंदै."

"मग इलंदै लिवायचं की!"

मामा कचेरीतून आले, की चप्पल काढून चिन्नीच्या मागे भिंतीला टेकून बसायचे. मांडीवर वही. मी चिन्नीसाठी फळ्यावर लिहीन ते ते उतरवून घ्यायचे. त्यांचा अ दिसायला तमिळ अ सारखाच यायचा, जरा मागे रेललेला. मी त्यांना सुधारायला लाजत होते. चिन्नी लाजत नव्हती. "अप्पा, काना कुठे गेला? बाद!" मामा पुन्हा लिहायचे. त्यांच्या घरच्या भिंतीवर खडूने एक ओळ आली: अंश वर, छेद खाली. नाश्त्याचे पर्यायसुद्धा अ, ब, क, ड झाले. मामींचं उत्तर तेच राहिलं.

ती मुलगी शाळेतून येऊन, तोंड धुऊन, कुणी न सांगता रोज पाटी घेऊन माझ्याकडे यायची. एकदा ताप होता तरी आली. मी परत जा म्हटलं तर म्हणाली, "अप्पांचा फॉर्म कधी परत येत नाही, अक्का. मी नापास झाले तर येईल." मी मागे पाहिलं. मामा दारात उभे होते. त्या दिवशी ते बसायला आत आले नाहीत.

परीक्षेचं केंद्र तिरुचीला होतं. मामींना शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून मामांबरोबर मी गेले. फाटकाबाहेर शंभरएक आईबाप उभे होते. एक बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. एक गृहस्थ पोराच्या तोंडात जबरदस्तीने केळं कोंबत होते. चिन्नी आमच्याकडे वळूनही न बघता आत गेली. त्या केंद्रावर मराठी पेपर मागणारी ती एकटीच होती, तिच्यासाठी वेगळं पाकीट आलं होतं.

शेजारच्या बाईंनी मामांना तमिळमध्ये विचारलं, "तुमची पोर कुठल्या मीडियमची?"

"मराठी."

"अच्छा, महाराष्ट्रातून आलात?"

"हो."

"कधी आलात?"

"साडेतीनशे वर्षं झाली," मामा म्हणाले.

बाई हळूच दुसऱ्या झाडाखाली सरकल्या. मला हसू आलं, पण मामा हसले नाहीत. ते कडेला दगडावर बसले आणि बसच्या तिकिटामागे पेनने गोल काढून भरायला लागले. एक भरला, दुसरा भरला. मी शेजारी बसले. मला बोलायला सुचत नाही, तेव्हा मी बसते.

"मी सूचना वाचल्या होत्या," मामा म्हणाले. वर न बघता.

मी त्यांच्याकडे वळले.

"तीनदा वाचल्या. भाषेची यादी उघडली. इंग्लिश होतं, तमिळ होतं. खाली मराठी दिसलं. मनात आलं, हे दाबलं तर पोर घरीच राहील. मी काही केलं असं होणार नाही. फॉर्मने केलं असं होईल." ते तिसरा गोल भरत राहिले. "दुरुस्तीचे चार दिवस होते. रोज उघडत होतो आणि मिटत होतो."

"मग?"

"मग ती तुझ्याकडे तापात आली." पेन थांबलं. "इतक्या लोकांचे अर्ज परत पाठवले मी. असला अर्ज कोणीच नाही आणला."

फाटक उघडलं. पोरं धावत बाहेर आली. चिन्नी सर्वांत शेवटी आली, बोटांना शाई लागलेली. "अप्पा, बोरं आली होती!" ती ओरडली. "मला आली!"

ती पास झाली. मामांनी निकालाचा कागद उलटसुलट तपासला, चूक सापडली नाही. जूनमध्ये तेच तिला पोचवून आले. ट्रंकेवर नाव त्यांनी स्वतः रंगवलं, देवनागरीत. तिथल्या कुणाला ते वाचता येणार नव्हतं.

त्यांनी मामींना काही सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. मीही सांगितलं नाही. पण चिन्नी गेल्यावर एकदा मामी आमच्या पायरीवर शेंगा सोलता सोलता आपणहून म्हणाल्या, "हा माणूस फॉर्ममध्ये चुकेल? मला हॉल तिकीट बघूनच कळलं." शेंगा सोलून झाल्यावर पदर झटकून उठल्या. "म्हणून तर तुझ्याकडे आले. त्यांना विचारत बसले असते, तर दोन महिने त्यातच गेले असते."

त्या शाळेत पोरांना फोन देत नाहीत, पत्रं लिहायला लावतात. पहिलं पत्र आलं तेव्हा मामा ते घेऊन माझ्याकडे आले. वाचून दे म्हणाले नाहीत. मी समोर असावं, एवढंच हवं होतं. अक्षरांखाली बोट सरकवत ते स्वतः वाचायला लागले. पत्र मराठीत होतं. तिथे दुसरं कुणी वाचू शकत नाही म्हणून, असं चिन्नीने सुरुवातीलाच लिहिलं होतं. घोड्याचं नाव, डाळ पातळ असते, पोहायला पहिल्या दिवशी पाणी नाकात गेलं. तळाशी रेघ मारून एक प्रश्न होता.

अप्पा कसे आहेत? अ) बरे. ब) उदंड बरे. क) रडतात. ड) ह्यातलं काही नाही. सूचना: एकच गोल काळा करावा. कागद परत पाठवावा.

चार गोल तिने पेनाचं टोपण ठेवून काढले असावेत, जरा मोठेच होते.

मामांनी खिशातून पेन काढलं, टोपण मागे लावलं. ब भरला. चार सेकंद, कडेबाहेर रेघ नाही. मग पेन उचलून ते कागदाकडे बघत राहिले. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला, मामींनी त्याला हाक मारली, पत्ताकोबीवरून त्यांची घासाघीस सुरू झाली. मामांनी पेन पुन्हा टेकवलं आणि क सुद्धा भरला, सावकाश, अगदी कडेपर्यंत.

"मामा," मी म्हटलं, "दोन गोल. उत्तर बाद होईल."

"होऊ दे," ते म्हणाले, आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घालत बसले.