गोटीरामांची मिसिंग गाडी

हिरावाडीतील आमच्या कॉलनीचे रहिवासी श्री. गोटीराम पिंगळे यांची मोटार ताशी ऐंशीच्या पुढे गेली की अडखळते, ही बाब प्रथम मार्च महिन्यात निदर्शनास आली. मोटार सतरा वर्षांची, पेट्रोलवरची, रंगाने लाल. शहरात तिच्याबद्दल काही तक्रार नाही. ओझर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि पाय दाबला, की इंजिन क्षणभर श्वास रोखतं, मग सगळ्यांना एक हिसका देऊन पुन्हा कामाला लागतं. कधी पाच किलोमीटरमध्ये तीनदा, तर कधी चांदवडपर्यंत एकदाही नाही.

एरवी असा दोष आपण गाण्यांचा आवाज वाढवून दुरुस्त करतो. पण गोटीरामांची लेक प्रतिभा मालेगावला दिलेली आहे आणि तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, धक्के नकोत. विहीणबाई कमळाबाई म्हणाल्या होत्या, भाड्याची गाडी नको. अनोळखी ड्रायव्हरच्या हाती मी सून देणार नाही, बापानं स्वतःच्या गाडीतून न्यावी. गोटीरामांच्या पत्नी सुवर्णावहिनींनी पाळणा आणून, पुसून, खिडकीजवळ टांगलासुद्धा होता.

"साठनं चालवा की," मी सुचवलं.

"सर, दोष माहीत असताना गाडी बाहेर काढायची नसते," गोटीराम म्हणाले. ते ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी विभागात होते. इतकी वर्षं खरं लिहिण्याचा पगार घेतल्यावर माणूस कायमचा बिघडतो.

द्वारका चौकाजवळ झिपरू मेस्तरींचं गॅरेज आहे. मेस्तरी मूळचे सटाण्याकडचे. त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली आणि ती ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. गोटीरामांनी त्यांना हायवेवर नेलं. गाडी लोण्यासारखी पळाली. दुसऱ्यांदा नेलं, तेच. तिसऱ्यांदा ओझरच्या पुढे तिने असा हिसका दिला की मेस्तरींच्या तोंडातला तंबाखू डॅशबोर्डवर आला. गोटीरामांना इतका आनंद झालेला मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

"मिसिंग मारते, दादा," मेस्तरी म्हणाले. "फिल्टर चोक शे. गावात पेट्रोल थोडं लागतं, तेवढं जातं. हायवेला इंजिन जास्त मागतं, मग पुरत नाय. नवा फिल्टर आला का अर्ध्या तासाचं काम." आणि त्यांनी कार्डावर लिहिलं: 'मिसिंग. ओझरच्या पुढं, ८० ला.'

निदान झालं होतं, उपाय ठरला होता. अशा वेळी माणसाने कागदाच्या वाटेला जाऊ नये. पण त्याच आठवड्यात वाहन सुस्थिती कक्षाचं फर्मान निघालं की पंधरा वर्षांवरील प्रत्येक वाहनाच्या मालकाने वाहनातील दोषांची स्वघोषणा ऑनलाइन भरावी. अख्ख्या कॉलनीने एका संध्याकाळी चहा पीत पीत ती भरली. दोषाच्या रकान्यात सगळ्यांनी 'निरंक' लिहिलं. माझ्या गाडीचा हँडब्रेक दोन वर्षांपासून केवळ शोभेला आहे. मीही निरंकच लिहिलं. गोटीरामांनी मेस्तरींचं कार्ड समोर ठेवून भरली.

दोषाचं स्वरूप: मिसिंग. शेवटचा कुठे आढळला: ओझरच्या पुढे. त्या वेळचा वेग: ताशी ऐंशी.

दहा मिनिटांत मेसेज आला. 'आपले वाहन बेपत्ता झाल्याची नोंद घेण्यात आली आहे. वाहन शेवटचे ओझरच्या पुढे ताशी ८० किमी वेगाने जाताना आढळले. कक्ष आपल्या दुःखात सहभागी आहे.'

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कक्षात गेलो. गेलो त्याच गाडीतून. खिडकीत ललिता मॅडम होत्या. इतक्या सौजन्याने वागणारी बाई मी सरकारी खिडकीत पाहिली नव्हती, आणि त्यामुळे भांडताही येईना.

"गाडी कधीपासून मिसिंग आहे?"

"गाडी मिसिंग नाही, मॅडम. मिसिंग मारते."

"कोणाला मारते?"

गोटीरामांनी त्यांना पेट्रोल, फिल्टर आणि इंजिनाची भूक समजावून सांगितली. त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं.

"म्हणजे गाडी तुमच्याकडेच आहे."

"खाली उभी आहे. खिडकीतून दिसते."

मॅडमनी वाकून पाहिलं. "लाल का? छान आहे. पण काका, सिस्टीममध्ये ती मिसिंग आहे. तुम्ही तिच्यात बसून आलात हे मी ऐकलं नाही असं समजते. कारण ऐकलं, तर मला ती जप्त करावी लागेल."

"मग नोंद रद्द करा."

"रद्द नाही होत. 'वाहन सापडले' असं करता येतं. पण तक्रारदाराला स्वतःला सापडून चालत नाही, नाहीतर लोक हरवतील आणि शोधतील, तेच करत बसतील. दोन प्रत्यक्षदर्शी आणा. नमुना नऊ." मग आवाज खाली आणून त्या कळवळ्याने म्हणाल्या, "निरंक लिहायचं ना, काका."

तिथून गोष्टी नियमानुसार बिघडत गेल्या. फिल्टर विकणाऱ्या दुकानदाराने गाडीचा नंबर टाकला, तर पडद्यावर लाल अक्षरं आली. बेपत्ता वाहनाला सुटा भाग देता येत नाही. झिपरू मेस्तरींनी जुना फिल्टर काढून, हवा मारून बसवायची तयारी दाखवली होती, पण हे कळताच त्यांनी पाना खाली ठेवला. "हात लावला तर मी चोरीच्या गाडीवाला ठरतो, दादा." टोलनाक्यावरचा कॅमेरा गाडी ओळखून थांबवणार होता, त्यामुळे साठनं काय, वीसनंही मालेगावला जाता येईना. विमा कंपनीने मात्र स्वतःहून फोन केला आणि गाडीच्या आठवणी विचारल्या.

उरला नमुना नऊ. त्यात सहा रकाने साधे होते. सातवा असा: 'वाहन दिसत असूनही आजवर माहिती न दिल्याचे कारण.'

सहा रकान्यांपर्यंत कॉलनी गोटीरामांच्या पाठीशी ठाम होती. सातवा वाचला आणि लोकांची नजर कमी होऊ लागली. समोरच्या मनोजला, जो रोज त्याच गाडीच्या आरशात भांग पाडतो, गाडीचा रंग आठवेना. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं की गाडी वैयक्तिकरीत्या त्यांना दिसते, पण पदाधिकारी म्हणून दिसत नाही. गाडीवर कबुतरं बसतात म्हणून ज्यांनी दोनदा लेखी तक्रार केली होती, त्यांनी आपली तक्रार कबुतरांपुरतीच होती असा खुलासा केला.

सही एकटीने केली. मखमलाबादहून भाजी घेऊन येणारी भागीबाई रोज त्या गाडीच्या सावलीत पाटी टेकवते. तिने अंगठा उठवला आणि सातवा रकाना तोंडी सांगितला: "मला कुनी इचारलंच नाय."

मग गोटीराम माझ्याकडे आले. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आहे. नागरिकाची कर्तव्यं मला अनुक्रमाने पाठ आहेत.

"सर, तेवढी सही."

"अहो, हे काय विचारणं झालं," मी म्हणालो. "जरा वाचून घेतो. ठेवून जा."

मी तो कागद नऊ दिवस वाचत होतो. दहाव्या दिवशी सकाळी मालेगावहून फोन आला. प्रतिभा दिवसांच्या आधीच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. सुवर्णावहिनी डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन एसटीने गेल्या. लेकीला कळा येत होत्या तेव्हा आई जवळ नव्हती, याचं त्यांना फार लागलं. मलाही वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्या दिवशी मी व्यवस्थेच्या संवेदनशून्यतेवर वर्तमानपत्राला एक कडक पत्र लिहिलं. ते छापून आलं, खाली माझं नाव आहे.

गोटीरामांनी पेढा दिला. लेक आणि नात सव्वा महिन्याने येणार आहेत आणि कमळाबाईंची अट अजून तीच आहे. म्हणजे त्यांना आणखी एक सही हवी आहे.

मी पुन्हा कक्षात जाऊन चौकशी केली. ललिता मॅडम म्हणाल्या, साक्षीदार कॉलनीतलाच पाहिजे असं काही नाही. हकिकत पहिल्यापासून ठाऊक असलेला कोणीही सुजाण नागरिक चालतो. ती आता, वाचकहो, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यावर तुम्ही जितके चिडला आहात, त्यावरून सुजाणही दिसता. तेव्हा इथे नाव, पत्ता, आधार क्रमांक, आणि खाली सही. सातवा रकाना तुमच्या शब्दांत भरा.

घाई नाही. वाचून घ्या हवं तर, मी कागद ठेवून जातो.