अकरा मिनिटांची शांतता

थोर कलाकृती मुरंब्यासारखी मुरत जाते, असं जाणकार सांगतात. (मुरंब्याला बुरशीही येते, हे जाणकार सांगत नाहीत.) फिनलंडमध्ये, आमच्या हामे प्रांतातल्या चित्रपट मंडळाकडे अशी एक कलाकृती आहे: १९५८ सालचा 'जूनचं पाणी'. मंडळाने त्याची वापरलेली प्रत १९७१ साली घेतली. तेव्हापासून दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनला, तिचा खेळ होतो. मी मंडळाचा चिटणीस. दर खेळाला झोपणारे सभासद सरासरी नऊ. (यात अध्यक्ष धरलेले नाहीत. ते डोळे मिटून चिंतन करतात.)

चित्रपटाचा प्राण म्हणजे होडीचा प्रसंग. कॅमेरा काठावर, होडी लांब धुक्यात, नखाएवढी. तिच्यात नायक-नायिका अकरा मिनिटं बसतात. एक शब्द नाही. मग होडी काठाला लागते आणि लग्न होतं. बोलण्याचा मुळात कंटाळा असलेल्या आमच्या प्रांताला प्रेमाची ही रीत फार सोयीची वाटली. या शांततेवर मंडळाच्या अंकात आजवर २१४ पानं छापून आली आहेत. सहा सभासदांनी तशीच होडी काढून, तसंच गप्प बसून लग्नं जमवली. त्यातला सहावा मी. १९७६च्या जूनमध्ये मी सिर्काला तळ्यात नेलं, घड्याळ लावून अकरा मिनिटं गप्प बसलो आणि काठावर येताच तिने होकार दिला. आमचा संसार या शांततेवर उभा आहे.

यंदा राजधानीतल्या तज्ज्ञांना मूळ निगेटिव्ह सापडली आणि झाडूनपुसून लख्ख केलेली प्रत आमच्याकडे आली. पडद्यावर आधी धुकं गेलं. ते आमच्या प्रतीवरचे ओरखडे होते. मग शांतता गेली. आमच्या प्रतीची ध्वनिपट्टी नेमकी तेवढी खराब झाली होती.

नायक बोलत होता. अकरा मिनिटं, श्वासही न घेता. बायकोने प्रश्न विचारू नयेत. मासे आईच्या पद्धतीने साफ करावेत. आई शेवटपर्यंत आपल्याकडेच राहील. शाळेतली नोकरी सोडावी, कारण फार वाचणाऱ्या बायका लवकर सुकतात. नायिकेला एकच वाक्य होतं, "मला काठाला सोड." ते ती चारदा म्हणाली.

मी लहान मुलासारखा हिरमुसलो. कॉफी आली, वेलदोडा घातलेले गोड पाव आले, कुणी हात लावला नाही. (मंडळाच्या इतिहासात प्रथमच.) अध्यक्ष ओइवा खाकरून उठले.

"नव्या प्रतीत आवाज जरा जास्तच आहे. आपली जुनीच बरी."

नवी प्रत कुलूपबंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजेच मंजुरी. ठराव मंजूर होणार, तोच सिर्काचा हात वर गेला.

"ओइवा, मला परत बघायचाय. आवाज मोठा करून."

इतिवृत्तात मी 'एक किरकोळ तांत्रिक सूचना' अशी नोंद केली.

घरी चालत जाताना तिने विचारलं, "अरे, त्या दिवशी होडीत तू एवढा गप्प होतास. मनात होतं तरी काय?"

खरं सांगायचं तर डावा मोजा भिजला होता, तेच होतं. मी गहन चेहरा करून गप्प राहिलो. हे औषध इतकी वर्षं रामबाण होतं. आज लागू पडलं नाही.

"बरं, तुझं राहू दे. माझ्या मनात काय होतं, ते तरी विचारशील? एकदा तरी?"

मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती, अजून सात काढायची होती.

हसा तुम्ही, वाचकहो. तुमच्याही घरात कुणीतरी वर्षानुवर्षं काही बोलत नाही, आणि तुम्ही त्याला समाधान म्हणता. मंडळाचा अनुभवी सल्ला एवढाच, की जुनीच प्रत चालू ठेवा.